बारावी कॉमर्सनंतर बीबीए: विद्यापीठ कसं निवडायचं?

हळदपेठ

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला ८३ टक्क्यांनी पास झाली. सांगलीत मार्केट यार्डात आमचं हळद-बेदाण्याचं अडतीचं दुकान आहे, माझी तिसरी पिढी. तिला बिझनेस शिकायचाय हे दहावीपासून ठरलेलं आहे, पण कुठे, तिथे गाडी अडलीय.

पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात तिला जागा मिळालीय. फी वर्षाला चार लाखांच्या घरात, होस्टेल आणि मेस वेगळं. तीन वर्षांचा हिशोब मांडला तर सतरा-अठरा लाखांवर जातो. पंचवीस हजार भरून जागा धरून ठेवलीय आणि पंधरा दिवसांत पुढचा हप्ता मागतायत. शिवाय एप्रिलअखेर तिने बीबीएची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा दिलीय, त्यातून पुण्यातल्या एखाद्या जुन्या कॉलेजात बीबीए मिळू शकेल. आणि तिच्या आजोबांचं म्हणणं, सांगलीतच बी.कॉम. कर आणि सोबत सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला बस.

मुलगी खासगी विद्यापीठाचं कॅम्पस बघून आली तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. पैसे उभे करता येतील, पण दुकानाच्या खेळत्या भांडवलातून काढावे लागतील. हळदीच्या हंगामात ते परवडत नाही. ज्यांनी स्वतः हे केलंय किंवा मुलांना यातून नेलंय, त्यांनी खरं काय ते सांगावं. रात्र रात्र झोप लागत नाही.

चौथाकट्टा

पुढच्या वर्षी आमची पाळी. वाचनखूण साठवली.

नळस्टॉप

काका, मी २०१९ साली पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठातून बीबीए झालो. नाव घेत नाही. जे मिळालं ते आधी सांगतो. मी बार्शीचा, मराठी माध्यमाचा. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहून इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना पाय कापायचे. तिसऱ्या वर्षी चाळीस जणांसमोर अर्धा तास बोलत होतो. दर आठवड्याला प्रेझेंटेशन असायचं, त्याचा हा परिणाम. मित्रही असे मिळाले की आजही अडीनडीला फोन त्यांनाच जातो.

आता न मिळालेलं. माहितीपत्रकात पॅकेजचे मोठे आकडे होते. तो सरासरीचा खेळ होता, हे तिसऱ्या वर्षी कळलं. चार-पाच जणांना चांगल्या नोकऱ्या लागल्या, त्यांतल्या दोघांच्या घरच्याच कंपन्या होत्या. बाकी आम्ही विमा आणि बँकेच्या विक्रीत गेलो. माझा पहिला पगार २२ हजार आणि कर्जाचा हप्ता साडेअकरा हजार. आई-वडिलांना तीन वर्षं गावी एक रुपया पाठवता आला नाही. ती बोच अजून आहे.

तुम्ही त्यांना एकच विचारा: मागच्या बॅचमध्ये किती मुलं होती, प्लेसमेंटला किती बसली आणि मधल्या मुलाचा पगार किती? सरासरी नको, मधला आकडा मागा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा.

गोरेगावपूर्व

नळस्टॉप यांच्या अनुभवाचा आदर आहे, पण मी वेगळं सांगेन. माझ्या दोन्ही मुली मुंबईत खासगी विद्यापीठात शिकल्या. फी जड गेली, फ्लॅट घेणं पाच वर्षं पुढे ढकललं. पण ज्या मुलांबरोबर त्या राहिल्या, ती मुलं कुठल्या कुठे पोचलीत. मोठीला दुसरी नोकरी वर्गमैत्रिणीच्या शब्दावर लागली. जुन्या कॉलेजात ही संगत मिळत नाही. मुलीची इच्छा असेल आणि ऐपत असेल तर मन मारू नका.

नळस्टॉप

@गोरेगावपूर्व, संगतीचं शंभर टक्के मान्य. पण हळदपेठ काकांनी लिहिलंय की पैसे खेळत्या भांडवलातून काढावे लागतील. ऐपत आणि खेळतं भांडवल या वेगळ्या गोष्टी आहेत.

मानधन

मी कॉमर्स शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफ करा.

जुन्या, नावाजलेल्या कॉलेजांबद्दल पालकांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथली बी.कॉम.ची तुकडी अनुदानित असते, म्हणजे शिक्षकांचा पगार शासन देतं. त्याच इमारतीत, त्याच पाटीखाली चालणारा बीबीए मात्र बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतो. त्याचा खर्च मुलांच्या फीमधून निघतो. त्यामुळे एकाच जिन्याने दोन शिक्षक वर चढतात. एक कायम, पंधरा-वीस वर्षं तोच विषय शिकवणारा. दुसरा तासिका तत्त्वावर, दोन कॉलेजांत तास घेऊन पोट भरणारा, आणि उन्हाळा आला की जाहिराती चाळणारा.

बारा वर्षं मी तो दुसरा होतो. एका वर्षी माझ्याकडे कॉस्टिंग, व्यापारी कायदा आणि संगणक असे तिन्ही विषय होते. कॉस्टिंग माझा विषय. उरलेले दोन मी रात्री वाचून सकाळी शिकवले. मुलं गुणी होती, त्यांनी सांभाळून घेतलं. पण त्यांच्या पालकांनी बी.कॉम.च्या चौपट फी भरली होती, आणि शेजारच्या वर्गात कायद्याचे जाणते प्राध्यापक बी.कॉम.ला शिकवत होते.

हल्ली अनुदानित बाजूलाही जागा रिकाम्या आहेत, हेही खरं. आणि काही संस्थांनी बीबीएसाठी पूर्णवेळ चांगली माणसं नेमलीत. म्हणून सरसकट निकाल देत नाही. पण ज्या कॉलेजात जाल तिथे पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विषयाला कोण आहे, ती नावं मागा. मग कँटीनमध्ये बसून दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, मागच्या सत्रात किती शिक्षक बदलले. मुलं खरं सांगतात.

काळी_मैना

मानधन सर, हे वाचून गलबलून आलं. आमचे सर्वांत चांगले सर असेच होते, तिसऱ्या वर्षी अचानक दिसेनासे झाले. कारण आज कळलं.

कागदपत्रवाला

सीईटीबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ असतो, म्हणून लिहितो. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले. तेव्हापासून आपल्याकडे सीईटी सेलची परीक्षा आणि कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या आल्या. पहिली परीक्षा २९ मे २०२४ ला झाली. परीक्षा दिलेली मुलं कमी आणि जागा जास्त, म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्यावी लागली. १०० प्रश्न, दीड तास. ४० प्रश्न इंग्रजीचे, ३० तर्काचे, उरलेले सामान्य ज्ञान आणि संगणकाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

यातली खरी मेख पुढे आहे. मुंबईतल्या काही कॉलेजांनी ही मान्यता घेतलीच नाही. त्यांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केलं. तिथे सीईटी लागत नाही, थेट बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. अभ्यास बराचसा तोच, पण ती जागा कॅपमधली नव्हे. आणि त्यामुळे शिष्यवृत्तीत फरक पडतो.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि ती ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यांपैकी एकात बसत असावी. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना हे लागू नाही. हळदपेठ, तुमची कन्या यात बसत असेल तर अठरा लाखांतल्या फीपुरता तरी थेट शून्याच्या जवळचा आकडा येतो. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर त्या त्या कॉलेजचं आणि कोर्सचं नाव दिसतंय का ते आधी बघा, आणि उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका.

हळदपेठ

सर्वांचे मनापासून आभार. मुलीबरोबर बसून प्रत्येक प्रतिसाद वाचला. उत्पन्नाचा दाखला काढायला टाकलाय, पण दुकानाच्या विवरणपत्रात आकडा आठच्या जरा वर जातोय, त्यामुळे आशा धरत नाही. मानधन सर, तुमचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. ती विचारतेय, मग बी.कॉम. आणि बीबीएच्या अभ्यासात नेमका फरक किती?

मानधन

ताईला सांगा: बी.कॉम.मध्ये हिशोब, कर, कायदा, अर्थशास्त्र यांचा पाया जास्त. बीबीएमध्ये मार्केटिंग, मनुष्यबळ, संघटन, प्रकल्प, प्रेझेंटेशन जास्त. पुढे एमबीए करायचं असेल तर दोन्ही चालतात. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेला, कुठल्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला ५० टक्के गुण पुरतात. एमबीएसाठी बीबीए करावंच लागतं, हा पालकांमधला सर्वांत पक्का गैरसमज आहे.

इंदुरी_जिरावण

बिझनेस शिकायचा एवढाच ध्यास असेल तर आयआयएमचा आयपीएम का नको? इंदूरने २०११ ला सुरू केला. बारावीनंतर पाच वर्षं, शेवटची दोन वर्षं एमबीएच्या मुलांबरोबर. मध्ये तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येतं. रोहतकने २०१९ ला चालू केला, बोधगया आणि जम्मूसाठी जिपमॅट ही वेगळी प्रवेशपरीक्षा असते. माझा भाचा इंदूरला आहे, अक्षरशः घडतोय.

कागदपत्रवाला

आयपीएम उत्तमच, पण पाच वर्षांचा खर्च तीस लाखांच्या वर जातो, आणि परीक्षेत गणिताचा कस लागतो. दिल्ली विद्यापीठात शहीद सुखदेव कॉलेजचं बीएमएस त्या मानाने फारच कमी फीत होतं, पण सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेला गणित द्यावं लागतं. हळदपेठ, मुलीने अकरावीला गणित घेतलं होतं की एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस)?

हळदपेठ

एसपी. क्लासच्या सरांनी सांगितलं, गणिताने टक्के खाली येतात.

इंदुरी_जिरावण

अरेरे. हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि दोन वर्षांनी दारं बंद झालेली दिसतात. इथे वाचणाऱ्या दहावीच्या पालकांनो, कॉमर्सला जाणाऱ्या मुलांना गणित घेऊ द्या. टक्के थोडे कमी पडले तरी चालतील.

चौथाकट्टा

माझ्या मुलाने गणित घेतलंय! आज पहिल्यांदा त्या निर्णयाचं बरं वाटलं.

स्टुटगार्टहून

परदेशाचं कुणी काढायच्या आत लिहिते. जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नाही म्हणून खूप पालक विचारतात. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे, इतरत्र बहुतेक ठिकाणी खरंच नाही. पण आपल्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. आधी भारतात पदवीचं एक वर्ष किंवा इथे श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठपूर्व तयारीचा अभ्यासक्रम. आणि पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमध्ये. मास्टर्सला या, तेव्हा वाट सोपी असते.

मी स्वतः मिरजेची. हळदपेठ हे नाव बघूनच धागा उघडला. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं अजून आहेत का?

हळदपेठ

मिरजकर भेटल्या, आनंद झाला! २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. आमचीही हळद गेली होती. आता माल शीतगृहात आणि गोदामात. जमिनीखालचा तो कोरडा गारवा, पेव उघडल्यावर येणारा वास, हे मुलीच्या पिढीने पाहिलेलं नाही. माझे वडील अजून त्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

स्टुटगार्टहून

आजोबांना नमस्कार सांगा. माझ्या आजोळी पेवात उतरण्याआधी कंदील सोडायचे. तो विझला तर आत हवा वाईट, मग माणूस उतरायचा नाही.

मानधन

विषयांतर होतंय, पण मला यातूनच एक सुचतंय. हळदपेठ, तुमची मुलगी दुकानात बसते का?

हळदपेठ

सुट्टीत बसते. मागच्या हंगामात पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, तिनेच संगणकावर केल्या. हळकुंड आणि गड्ड्यातला दराचा फरक तिला नजरेने कळतो. यंदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातले भाव रोज वहीत उतरवून आमच्या सौद्याशी ताडून बघत होती. तिच्या आजोबांना ते फार आवडलं. म्हणूनच ते म्हणतात, इथेच राहा.

मानधन

मग साहेब, तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जे तिसऱ्या वर्षी प्रकल्प म्हणून करावं लागेल, ते ती आजच करतेय. तिला चकचकीत कॅम्पसपेक्षा दोन गोष्टी लागतील: हिशोब आणि कायदा नीट शिकवणारे शिक्षक, आणि दुपारी कुठेतरी काम करता येईल असं शहर. या कसोटीवर तिन्ही पर्याय पुन्हा लावून बघा.

गोरेगावपूर्व

सर, म्हणजे मुलीने पुन्हा हळदच विकायची का? ती बाहेर पडू बघतेय. अठराव्या वर्षी घरच्या धंद्याची मोजपट्टी तिला लावू नये, एवढंच माझं म्हणणं. मी स्वतः वडिलांच्या दुकानात अडकले होते, म्हणून तळमळीने लिहितेय.

मानधन

ताई, तुमचा मुद्दा डोक्यात ठेवतो. तिने काय विकावं हे मी सांगत नाही. तिला काय येतं ते वाया जाऊ नये, इतकंच.

जुना_लेजर

सीएचं कुणी बोललं नाही म्हणून. आजोबा चुकीचं सांगत नाहीत. फाउंडेशन आता वर्षातून तीनदा होते आणि नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) तीनवरून दोन वर्षांवर आलीय. खर्च खासगी विद्यापीठाच्या जवळपासही जात नाही. पण मन नसताना सीए करू नका. माझ्या ऑफिसात दरवर्षी अशी दोन-तीन मुलं येतात, वडिलांच्या हट्टाने आलेली. त्यांचे चेहरे बघवत नाहीत. जिला माणसांशी बोलायला, भाव करायला आवडतं, तिला ऑडिटच्या फायलींत सुख मिळेलच असं नाही. फाउंडेशन देऊन बघायला हरकत नाही, चार-सहा महिन्यांत अंदाज येतो.

मांडवी_काठी

पणजीहून लिहितेय. आमच्याकडे गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत बीबीए आहे, वर्ग लहान असतात आणि प्राध्यापक नावानिशी ओळखतात. लेकाने तिथेच केलं. मोठं नाव मिळालं नाही, पण पहिल्या वर्षापासून एका हॉटेलच्या खरेदी विभागात काम केलं आणि आज त्याच क्षेत्रात आहे. मानधन सरांच्या 'दुपारी काम' या मुद्द्याला अनुमोदन.

कागदपत्रवाला

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. बी.कॉम.च्या गुणवत्ता याद्या आधी लागतात, बीबीएच्या कॅप फेऱ्या बऱ्याच नंतर. म्हणून बी.कॉम.ची चांगली जागा मिळाली तर घेऊन ठेवा, कॅपच्या भरवशावर हातची सोडू नका.

दुसरं, ते पंचवीस हजार. ते अडकलेत म्हणून पुढचा हप्ता भरू नका. यूजीसीचं फी परताव्याचं धोरण खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही लागू आहे. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण परतावा आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून, असं होतं. यंदाच्या तारखा यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून लेखी अर्ज करा, ईमेलने, पोच ठेवा.

कर्ज काढायचंच झालं तर पीएम विद्यालक्ष्मी बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलीय. निवडक संस्थांसाठी (मंजुरीच्या वेळी ८६०) तारण आणि जामीनदाराशिवाय. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत. तुमचं विद्यापीठ त्या यादीत आहे का ते पाहा. यादीत नसणं हीदेखील एक माहितीच.

नळस्टॉप

परताव्याचं हे मला २०१६ ला कुणी सांगितलं असतं तर! मी दुसऱ्या एका ठिकाणी भरलेले तीस हजार सोडून दिले होते.

हळदपेठ

अडीच महिन्यांनी लिहितोय. उशिराबद्दल क्षमस्व, पण काय झालं ते सांगायचं देणं लागतो.

आम्ही दोघं पहाटे निघालो आणि पुण्यात दोन दिवस राहिलो. त्या खासगी विद्यापीठात गेलो, मधल्या मुलाचा पगार विचारला. समुपदेशक बाईंनी पुन्हा सरासरी सांगितली. मी पुन्हा मधला विचारला. त्या म्हणाल्या, मेल करते. मेल आला नाही. मुलगी गप्प होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबा, ह्यांना आपण गिऱ्हाईक वाटतो."

मग दोन जुन्या कॉलेजांत गेलो. एका ठिकाणी बीबीएच्या मुलांनी कँटीनमध्ये सांगितलं की एकाच सत्रात अकाउंट्सला तिसऱ्या मॅडम आल्या. दुसऱ्या ठिकाणी बीबीए चांगलं वाटलं, दोन शिक्षक सात-आठ वर्षांपासून आहेत. पण तिथल्याच बी.कॉम.च्या कॉस्टिंगच्या प्राध्यापकांनी आम्हाला अर्धा तास दिला. हळदीच्या वजनातल्या घटीचा हिशोब कसा धरता, असं त्यांनी तिला विचारलं आणि तिने न अडखळता सांगितलं. त्या अर्ध्या तासात तिचं ठरलं, मला दिसलं.

बी.कॉम.ला प्रवेश घेतलाय, त्याच कॉलेजात. तास सकाळचे आहेत. दुपारी पुण्याच्या मार्केट यार्डात मसाल्याच्या एका निर्यातदाराकडे कागदपत्रं बघायला जाणार आहे, आमच्या ओळखीतले आहेत. कॅपच्या फेरीत बीबीएही लागत होतं, ते सोडलं. फाउंडेशन द्यायचं की नाही ते डिसेंबरात ठरवेल. पंचवीस हजारांसाठी यूजीसीचा नियम जोडून मेल केला, तिसऱ्या आठवड्यात पूर्ण परत आले.

आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. मग स्टेशनवर स्वतः सोडायला आले.

गोरेगावपूर्व

अभिनंदन! मला अजूनही वाटतं बीबीएची जागा सोडायला नको होती. पण तिने स्वतः ठरवलं, यात सगळं आलं. तिला खूप आशीर्वाद.

मानधन

त्या प्राध्यापकांचा हेवा वाटला. घटीच्या हिशोबापासून कॉस्टिंग सुरू करणारी विद्यार्थिनी मला एकदाही मिळाली नाही.

चौथाकट्टा

हळदपेठ, त्या दोन दिवसांत कुठे उतरलात? पुढच्या जूनमध्ये आम्हीही असेच फिरणार आहोत. आणि मुलीच्या राहण्याचं काय केलंत?

हळदपेठ

नात्यातल्यांकडे उतरलो. मुलगी कॉलेजपासून दहा मिनिटांवर पेइंग गेस्ट आहे, चौघी जणी, दोघी आपल्याच तासगावच्या. मावशींचा डबा रात्री गरम येतो. पत्ता आणि भाडं व्यक्तिगत निरोपात पाठवलंय, बघा.

स्टुटगार्टहून

पुढच्या सुट्टीत मिरजेला येतेय. आजोबांना भेटायला आवडेल, पेवांच्या गोष्टी लिहून घ्यायच्या आहेत. चालेल का?

हळदपेठ

अहो, ते आत्तापासूनच वाट बघतायत. पौर्णिमा सोडून कधीही या, त्या दिवशी ते नरसोबाच्या वाडीला असतात.